सोमवारची लीद

थोरलीने खेचराला बांधाच्या अलीकडे तिसरी फेरी मारायला लावली.

सोमवार उजाडून बराच वेळ झाला होता. बांधापलीकडे तिची धाकटी बहीण हात बांधून उभी होती आणि आपण कोबीच्या ओळी बघतोय असं दाखवत होती. खेचर संथ चालत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. थोरलीचा जीव मात्र त्याच्या शेपटीत अडकला होता.

"ताई, पाय लचकलाय का त्याचा?"

"नाही गं. जरा मोकळं करतेय."

ते अगदीच खोटं नव्हतं. चौथ्या फेरीला शेपटी वर झाली आणि वाफाळती लीद थोरलीच्या जमिनीवर पडली. तिने ती पाटीत भरून घेतली, एक गोळाही न सांडता, आणि मगच कासरा धाकटीच्या हातात दिला.

वडिलांनी जमीन दोघींना दोरी धरून सारखी वाटून दिली होती. खेचर काही दोरीने वाटता येत नव्हतं, म्हणून ते एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. नांगराला तेच, बाजारच्या गाडीलाही तेच. सारखा मुक्काम हलवतं म्हणून त्याचं नाव पाहुणा पडलं. जिच्या दारात मुक्काम तिची लीद, हा नियमही वडिलांचाच. वडील गेले, नियम राहिला.

नियमाबद्दल थोरलीची तक्रार नव्हती. तिच्या डोळ्यांत खुपत होता तो धाकटीचा कोबी. तीच माती, तीच विहीर, तेच खेचर. पण पलीकडचे गड्डे दोन हातांत मावत नव्हते आणि अलीकडचे एका हातात मावून वर बोटं उरत होती. बाजारात दोघी शेजारी बसत, आणि गिऱ्हाईक थोरलीच्या टोपलीवरून नजर फिरवून धाकटीपुढे वाकत असे. लहानपणीही वडील शेतावरून आले की आधी तिलाच हाक मारायचे. थोरलीला हे सगळं एकाच माळेतलं वाटे.

मग एक दिवस चारा टाकता टाकता तिला उलगडा झाला. जनावर आज खातं ते उद्या टाकतं. म्हणजे रविवारी आपला चारा पोटात घेऊन पाहुणा सोमवारी बांध ओलांडतो, आणि खत होतं ते धाकटीच्या कोबीला. घास हिचा, खत तिचं. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोय मेला," ती म्हणाली, आणि त्या आठवड्यापासून रविवारची पेंढी निम्मी झाली. सोमवारच्या फेऱ्याही तेव्हापासूनच्याच.

"लीद आहे ती, सोनं नव्हे," नवरा एकदा म्हणाला.

"तुमचा भाऊ असता पलीकडे, म्हणजे कळलं असतं."

नवऱ्याला तीन भाऊ होते. तो पाटी उचलून गोठ्याकडे निघाला.

एवढं करूनही पोटातलं दुखणं थांबेना. पाहुणा धाकटीकडे जाताना झपझप पावलं टाकी आणि परत येताना मागे वळून बघे. शेवटी थोरलीने मनाशी ठरवलं. मोठी आपण, तेव्हा खेचर कायमचं आपल्याकडे. त्याच्याशिवाय धाकटीचा कोबी बाजारापर्यंत कसा जाणार, हा विचार तिच्याही मनात आला, आणि खरं सांगायचं तर तो आल्यावर तिला बरंच वाटलं. आता पाहुणा आला की पुन्हा सोडायचाच नाही, तसं धाकटीला तोंडावर सांगून टाकायचं.

आठवडा सरला, पाहुणा परत आला. शनिवारी थोरली दाताळं घेऊन खत वर-खाली करायला गेली. रोजची पाटी ती भिंतीलगत ओळीने ओतत असे, म्हणजे जुनं आधी वापरता येतं. त्या ओळीत एक ढीग हिरवा दिसला. जवळ जाऊन बघते तर बोट बोट उंचीचे कोंब. तिने एक उपटला. मुळाशी जवाचा दाणा होता, फुटलेला. पाहुण्याचे दात झिजलेले. तो अर्धे दाणे न चावताच गिळायचा.

पण थोरलीने त्याला जव कधी दाखवलेसुद्धा नव्हते.

'असं आहे तर,' तिला वाटलं. 'दाणा चारून फितवतेय त्याला.' आवळा देऊन कोहळा काढणं धाकटीला चांगलं जमतं, हे तिला नव्याने कळत नव्हतं. ती पाय आपटत बांध ओलांडून गेली आणि धाकटीच्या खतात थेट हात घातला. धाकटी इतकं दाणापाणी करते, तर इथे कोंबांचं रान माजलेलं असणार.

खत काळंभोर होतं. तिने दुसरा ढीग उकरला, मग तिसरा. एक कोंब नाही, एक दाणा नाही.

ती तशीच वाकून राहिली. तिच्या ओळीतला हिरवा ढीग तिला आठवला. तो सोमवारचा होता. पाहुणा धाकटीकडून आला त्या सोमवारचा.

"काय शोधतेस, ताई?" धाकटी मागे येऊन उभी होती.

"पाहुण्याला जव घालतेस?"

धाकटी ओशाळली. "रविवारी तेवढे. दोन ओंजळी."

"रविवारीच का?"

"तुझ्याकडून येतो तेव्हा पोट आत गेलेलं असतं त्याचं. लीदही धड टाकत नाही दिवसभर. मला वाटलं, तुमच्याकडे चारा पुरत नसेल. विचारलं असतं तर तुला लागलं असतं. म्हटलं, आपण तरी भरल्या पोटी पाठवावा."

थोरलीने हाताचं खत झटकलं. खेचर कायमचं ठेवून घेण्याचं बोलणं जिभेवर तयार होतं, ते तिथेच राहिलं.

"चांगलं कुजलंय तुझं खत," एवढंच म्हणून ती परत गेली.

तिला लाज वाटली. पण लाजेखालून जुनंच दुखणं पुन्हा वर आलं. म्हणजे चांगलं वागण्यातही हीच पुढे. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

रविवारी तिने पाहुण्यापुढे अख्खी पेंढी सोडली. मग घरातून जव आणले. दोन ओंजळी टोपलीत टाकल्या, जरा थांबली, आणि तिसरीही टाकली.

सोमवारी ती सरळ बांधाकडे निघाली. पण पाहुण्याला आता सवय लागली होती. बांध जवळ आला तसा तो आपणहून वळला आणि फेरी मारू लागला.

"चल रे बाबा," ती कासरा ओढत म्हणाली. "चल, आज नाही."

पाहुणा ऐकेना. दुसऱ्या फेरीला शेपटी वर झाली, बांधाच्या चार पावलं अलीकडे, आणि नेहमीच्या दुप्पट लीद पडली.

पलीकडे धाकटी उभी होती. थोरलीने तिच्याकडे न बघता पाटी भरली, एक गोळाही न सांडता. एका हातात कासरा धरून, पाटी कमरेवर घेऊन ती बांध ओलांडून गेली आणि पाटी धाकटीच्या पायाशी ठेवली.

"हे काय गं, ताई?"

"पाहुण्याचं सामान," थोरली म्हणाली. "राहिलं होतं."