फुंकरबाबांचा निळा ठिपका

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबांनी गोळ्यांची पट्टी तोंडाशी नेली, "हाऽऽ" केलं, आणि पट्टीवरचा निळा ठिपका सगळ्यांदेखत पांढराफटक झाला.

"रोग उतरला!" बाबा गरजले. "आता गोळी गिळू नका, उशाखाली ठेवा. आणि गोळ्यांचं खोकं घरीच फेकून येत जा, बाळांनो. खोक्याला दुकानाची नजर असते!"

भावासोबत आलेल्या ताईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांचा उभा जन्म औषधाच्या दुकानात गेला होता. तपकिरी बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी खळीने चिकटवायचे ते दिवस. पुढे चंदेरी पट्ट्या आल्या, आता हे रंगीत ठिपके. पण औषधाला नजर लागल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. या माणसाचा खोक्यावरच का राग?

धाकट्या भावाच्या हृदयाच्या गोळ्या आठवडाभर उशाखाली होत्या. घरी येऊन जिना चढताना तो तीनदा थांबला.

"अरे, पाय बघ तुझे! खांब झालेत नुसते."

"बाबा म्हणाले, रोग पायावाटे निघतोय."

"मग ठिपका परत निळा का झाला?"

"तू शंका घेतलीस म्हणून, ताई."

"वा! रोग तुला आणि पथ्य मला!"

भावजय हळूच म्हणाली, "ताई, मी घरी फूऽ फूऽ करून दमले हो. काही होत नाही. त्याला सिद्धीच लागते."

ताईंनी चष्मा काढला, पुसण्यासाठी काचेवर "हाऽऽ" केलं आणि थबकल्या. चहा निववायला आपण "फू" करतो, काचेवर वाफ धरायला "हा". तोंड एकच, एक वारा गार, दुसरा ऊन.

त्यांनी पट्टी उचलली. "हाऽऽ." ठिपका पांढरा!

मग त्यांनी कचऱ्याच्या टोपलीतून खोकं उपसून काढलं. कडेला बारीक अक्षरांत छापलं होतं: अस्सल मालाची खूण, ऊब लागताच ठिपका पांढरा, निवताच निळा. नकली औषधं ओळखता यावीत म्हणून कंपनीने घातलेली शाई!

दुसऱ्या दिवशी ताई वाफाळत्या चहाचा कप घेऊनच हॉलमध्ये उभ्या राहिल्या. पट्टी कपाला टेकवली.

"बाबा, हा कपही सिद्धपुरुष दिसतो!"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"माई, अश्रद्धेचं पाप लागेल!"

"लागू दे. मंडळी, आपापल्या पट्ट्या काढा. फू नाही, चष्मा पुसताना करतो तसं हा करा."

सगळा हॉल "हाऽऽ" करू लागला. ठिपक्यांमागून ठिपके पांढरे पडले. तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पसार झाले.

भाऊ मात्र पट्टीकडेच बघत बसला होता. "ताई, आता गिळू का?"

"आधी डॉक्टर. आठवडा बुडवलायस, किती घ्यायची ते तेच सांगतील."

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर ताई म्हणाल्या, "अरे, शंका घेणं हे पाप नव्हे. समोर नवल दिसलं की हात जोडायच्या आधी ते आपल्या हातांनी करून बघावं. आणि कुणी काही फेकून दे म्हणालं, तर ते आधी वाचावं."

भावाने सुजलेले पाय बाकाखाली ओढून घेतले आणि ताईंच्या हातातल्या खोक्यासाठी हात पुढे केला.