चौथं बेट

तिसऱ्या बेटावरून परत येताना कंट्रोलर पुढे आणि बाई मागे, अशी त्या दोघांची वरात भर उन्हात धक्क्यावरून चालली होती. बाकी सगळं जहाज उलट्या दिशेने निघालं होतं, टोप्या घालून, गळ्यात टॉवेल टाकून, खिदळत. जहाज सुटायला अजून अर्धा दिवस होता. पण उशीर होण्याची भीती ज्याच्या पोटात बसली आहे, त्याला अर्धा दिवस काय आणि अर्धा तास काय!

जहाजाच्या शिडीपाशी बाई थांबल्या. वळून त्यांनी डोंगराकडे पाहिलं, पार पाण्यापर्यंत उतरलेल्या नारळांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अहो, घरी गेल्यावर लेकीने विचारलं, आई, बेटं कशी होती, तर काय सांगू? बंदरांची फाटकं छान होती म्हणून?"

"डेकवरून सगळं दिसतं," कंट्रोलर म्हणाले. "दुरून डोंगर साजरे. आणि कुठेही जा, पळसाला पानं तीनच. वाळू, नारळ आणि टोप्या विकणारे."

"ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही फाटकाबाहेर गेलातच कुठे?"

कंट्रोलरांनी घड्याळ पाहिलं.

ही सहल लेकीने आणि जावयाने दिली होती. दोघं निवृत्त झाले, गुडघे अजून शाबूत आहेत, तोवर जाऊन या म्हणून. चार बेटं, चारही हिरवीगार. पहिल्या बेटावर धबधबा होता. तिथे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात घड्याळ नाही, एवढं बघून कंट्रोलर रांगेतून बाहेर पडले. दुसऱ्या बेटावर डोंगराच्या पोटातून गरम पाणी येत होतं आणि लोक त्यात गळ्यापर्यंत बसत होते. त्या बसमध्ये दोघं चढलेसुद्धा. पण बस फाटकाच्या आतच डिझेल भरायला थांबली, आणि ज्या ड्रायव्हरला आदल्या दिवशी डिझेल भरायचं सुचत नाही तो वेळेवर परत काय आणणार, असं म्हणत कंट्रोलर बाईंना घेऊन उतरले आणि चालत जहाजावर आले.

तसा माणूस वाईट नाही हो. पण सगळी नोकरी बसस्थानकावर गेली. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, माइकवर गाडी पुकारायची, वेळ झाली की गाडी सोडायची. कुणी पिशवी सांभाळत धावत येतंय, कुणी लांबून हात करतंय, गाडी थांबणार नाही. "एकासाठी पन्नास जणांचा खोळंबा करता येत नाही," हे त्यांचं वाक्य त्या स्टँडवर कुत्र्यांनाही पाठ होतं. गाडी फलाटावरून निघाली की ते चहा मागवत. मागे राहिलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे बघण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

बाई बालवाडीच्या. नाक पुसणं, बटण लावणं, एकच गोष्ट दहादा सांगणं, यात त्यांचा जन्म गेलेला. घाई हा शब्द त्यांच्या शाळेत नव्हताच. देवाने जोड्या लावताना गंमतच करायची ठरवलेली असते, दुसरं काय!

चौथ्या बेटावर एक उथळ खाडी होती. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की मोठी कासवं माणसांच्या मधून पोहत जातात, असं जहाजावरच्या माणसाने आदल्या संध्याकाळी पडद्यावर दाखवलं. तेव्हापासून बाई गप्प होत्या. बाई गप्प झाल्या की काहीतरी शिजतंय, हे कंट्रोलरांना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

सकाळी बाई पायात रबरी चपला आणि डोक्याला नवी टोपी घालून तयार. "मी कासवं बघायला चालले."

"खाडी बेटाच्या पलीकडच्या टोकाला आहे. घाटाचा रस्ता, एकच. पाचला शिडी उचलणार. मी येत नाही."

"मी तुम्हाला या म्हटलंच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "जेवणाच्या टेबलावरचे ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको निघालेत. त्यांच्याबरोबर जाते."

लग्न झाल्यापासून बाई त्यांना सोडून कुठे फिरायला गेल्या नव्हत्या. कंट्रोलर दारात उभे राहिले, म्हणाले पाणी घे, म्हणाले तीनच्या गाडीला बस, म्हणाले चारच्या गाडीच्या भरवशावर राहू नकोस. बाई "हो हो" म्हणाल्या. बालवाडीतल्या पोरांना म्हणायच्या ना, अगदी तसंच.

मग सुरू झाला कंट्रोलरांचा दिवस. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते वरच्या डेकवरून खालच्या डेकवर आणि खालून पुन्हा वर. आरामखुर्च्या रिकाम्या, पोहण्याचा तलाव रिकामा, एक पोऱ्या ओल्या फरशीवरून फडकं फिरवत होता. त्यांनी चहा घेतला तो थंड झाला, दुसरा घेतला तोही थंड झाला. मागच्या तीन बेटांवर ते असेच जहाजावर बसून होते, पण तेव्हा शेजारच्या खुर्चीत बाई विणत बसलेल्या असत. आज ती खुर्ची बघवेना म्हणून ते उठले आणि शिडीपाशी जाऊन उभे राहिले.

तिथे एक पहारेकरी परत येणाऱ्यांची कार्डं यंत्राला लावत होता. यंत्र टुंग करायचं, म्हणजे माणूस आत आला. अडीच वाजल्यापासून टुंग टुंग सुरू झालं. तीनची गाडी आली. तिच्यातून दातांचे डॉक्टर उतरले, भाजलेल्या नाकाचे, खूश. मागून डॉक्टरीणबाई. त्यांच्यामागे कुणी नाही.

"आमची कुठाय?" कंट्रोलरांनी विचारलं.

"अहो भाऊजी, बाई पाण्यातून बाहेरच येईनात!" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "दोन पिल्लं होती, त्यांच्या पायांशीच घुटमळत होती. म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी चारच्या गाडीने येते."

"आणि तुम्ही त्यांना सोडून आलात?"

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "सोडून म्हणजे? चारची गाडी आहे की."

कंट्रोलरांनी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. पहारेकऱ्याला म्हणाले, तुमचं यंत्र नीट चालतं का, माणूस आत येऊन नोंद व्हायची राहिली तर? पहारेकऱ्याने त्यांचंच कार्ड लावून दाखवलं. टुंग.

चारची गाडी येण्याची वेळ झाली, टळली. साडेचार झाले. मग घाटावरून एकच टॅक्सी आली, त्यातल्या लोकांनी सांगितलं की वर रस्त्यात दरड कोसळली आहे, मोठ्या गाड्या पलीकडेच अडकल्यात. माणसं चालत दरड ओलांडून मिळेल त्या वाहनाने येताहेत. यंत्र टुंग टुंग करत राहिलं. दर टुंगला कंट्रोलर मान वर करत, आणि दर वेळी दुसरंच कुणीतरी असे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रागावून काय काय बोलायचं, ते त्यांनी मनात केव्हाच जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. एवढंच दिसत होतं की ती एकटी आहे, कपडे ओले आहेत, आणि तिच्या शुगरच्या गोळ्या केबिनच्या टेबलावर आहेत.

पाचला जहाजाने भोंगा वाजवला. वरच्या डेकवर लोक कठड्याला रेलून उभे राहिले, उशिरा धावत येणाऱ्यांना टाळ्या वाजवायला. ती या जहाजाची करमणूकच होती. टोपीवाला एक गृहस्थ धावत आला, वरून शिट्ट्या झाल्या. मग धक्का रिकामा झाला.

जहाजावरची एक तरुण महिला अधिकारी कंट्रोलरांकडे आली. आवाज मऊ होता. "सर, आता एकच कार्ड यायचं राहिलंय. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट तिजोरीत असेल तर द्याल का? आम्ही तो धक्क्यावरच्या आमच्या एजंटकडे ठेवतो. त्या आल्या की तो त्यांची रात्रीची सोय करेल आणि उद्या विमानाने पुढच्या बंदरात पाठवेल. काळजीचं कारण नाही, असं होतं कधी कधी."

"थोडं थांबा ना," कंट्रोलर म्हणाले. "दरड पडलीय. तिची चूक नाही. अर्धा तास."

"सर, पुढच्या बंदरात आमची वेळ ठरलेली असते. एकासाठी दोन हजार जणांचा खोळंबा करता येत नाही."

पोरगी बरोबर बोलत होती. तिच्या जागी ते असते तर एवढ्या मऊ आवाजातही बोलले नसते. वाद घालायला जागाच नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी त्या जहाजावर कुणालाच कळत नव्हती.

ते केबिनमध्ये गेले. तिजोरी उघडून बाईंचा पासपोर्ट काढला. दारापर्यंत आले. मग परत फिरले आणि आपलाही काढला. गोळ्या घेतल्या, तिची शाल घेतली, तिचा एक कोरडा पोशाख घेतला, सगळं एका पिशवीत कोंबलं आणि शिडीकडे निघाले.

"सर, पासपोर्ट माझ्याकडे द्या," अधिकारी म्हणाली.

"मी उतरतोय."

"सर, उतरलात तर जहाज थांबणार नाही. पुढचा खर्चही तुमचा तुम्हाला करावा लागेल. त्यापेक्षा पुढच्या बंदरात त्यांना भेटा ना. तेच सोयीचं आहे."

"सोयीचं तेच आहे," कंट्रोलर म्हणाले, आणि पहारेकऱ्यापुढे कार्ड धरलं. यंत्राने टुंग केलं. या वेळी बाहेर जाणाऱ्यासाठी.

ते धक्क्यावर उतरले तसं वरचं पब्लिक गोंधळलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना, कारण हा म्हातारा उलट दिशेला चालला होता. दातांचे डॉक्टर कठड्यावरून ओरडले, "अहो कंट्रोलरसाहेब! अहो, वर या! वेड लागलं का?" शिडी उचलली. दोर सोडले. जहाज धक्क्यापासून हातभर सरकलं, मग खोलीभर, आणि मग मधलं पाणी वाढतच गेलं.

कंट्रोलरांनी आयुष्यात पहिल्यांदाच सुटलेलं वाहन बाहेर उभं राहून पाहिलं. हे असं असतं होय, त्यांना वाटलं. त्यांना एकदम खूप माणसांची माफी मागावीशी वाटली, पण त्यातल्या एकाचंही तोंड आठवेना. मागे एजंट मोटरसायकलवर टेकून फोनवर बोलत होता. त्याने फोन खाली करून खुणेने सांगितलं, बसा. कंट्रोलर बसले नाहीत. फाटकापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा नारळांनी भरलेला एक छोटा ट्रक फाटकात आला. ड्रायव्हरच्या शेजारून बाई उतरल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टोपीचा पत्ता नाही, केस खारट पाण्याने ताठ झालेले. उतरल्या उतरल्या त्यांनी समुद्राकडे पाहिलं. लांब गेलेलं जहाज दिसलं. त्या रडल्या नाहीत की दचकल्या नाहीत. नुसती मान हलवली, ठाऊक असलेली गोष्ट एकदा बघून घ्यावी तशी, आणि ड्रायव्हरशी हातवारे करून काहीतरी बोलू लागल्या.

"अगं!" कंट्रोलरांनी हाक मारली.

बाई वळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही इथे कसे? तुमचं जहाज गेलं ना."

"गेलं."

"चुकलं? तुमचं?"

"नाही. उतरलो."

बाईंनी पिशवी पाहिली, पिशवीतून बाहेर आलेली शाल पाहिली. "मला वाटलं तुम्ही गेलात," त्या म्हणाल्या. "वर दरडीपाशीच भोंगा ऐकला. याला विचारलं, तुझ्या गावात एका बाईला रात्रीपुरती जागा मिळेल का. गाव इथून पुढेच आहे, त्याची आई एकटीच असते म्हणे, तिच्याकडे सोय केली."

"म्हणजे मी थांबेन असं तुला एकदाही वाटलं नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरातली साखर संपली म्हणून सांगावं, तेवढ्या सरळपणाने त्या बोलल्या. कंट्रोलरांना वाटलं, यापेक्षा तिने रस्त्यात उभं करून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढी वर्षं ही बाई आपल्याबरोबर राहिली, आपला डबा भरला, आपल्या आजारपणात उशाशी बसली, आणि वेळ आली की हा निघून जाणार, हे मनाशी धरून राहिली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

ड्रायव्हरने हळूच हॉर्न वाजवला. त्याला उशीर होत होता.

कंट्रोलरांनी शाल काढून बाईंच्या खांद्यावर टाकली. "त्याला सांग," ते म्हणाले, "त्याच्या आईला म्हणावं, आणखी एक उशी लागेल."

बाईंनी ड्रायव्हरला दोन बोटं दाखवली. मग त्या ट्रकमध्ये चढल्या आणि खिडकीकडे सरकून त्यांनी शेजारी जागा केली.