शेंदराचं बोट

सांगलीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी अठ्ठावीस वर्षं काचसामान धुतोय. नाव नानासो, पण सगळी पोरं मला मामाच म्हणतात. इतक्या वर्षांत माझ्या हातून फक्त तीन ब्युरेट फुटल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण निष्काळजी माणूस अशी माझी ख्याती नाही. तरी मागच्या वर्षी मी जो घोटाळा केला, तो पहिल्या वर्षाच्या पोरानंही केला नसता.

प्रियदर्शनीताई आमच्याकडे पीएच.डी. करतात. विषय असा, की पाण्यात उतरलेलं शिसं चिंचोक्यानं काढायचं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडांजवळच्या विहिरींत शिसं उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि माणसाच्या अंगात साठत जातं. चिंचोक्यातलं चिकट द्रव्य त्याला धरून ठेवतं. कागदावर सगळं बेस होतं. पण ताईंनी चिंचोक्याचं पीठ नळीत भरून वरून पाणी सोडलं, की दहा मिनिटांत त्याची लापशी व्हायची आणि नळी तुंबायची. दोन वर्षं हेच चाललेलं. तुंबलेल्या नळ्या धुवायला अर्थातच मी.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, ही तर आमची खळ झाली. खळ नळीत भरत नसतात, लोकरीला लावतात."

आमचं घर माणदेशातलं, धनगराचं. भाऊ सोपान मागावर घोंगडी विणतो आणि आई, हरणाबाई, खळ करते. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफल काढून वाटायचे आणि शिजवायचे. ती खळ कुंच्यानं ताणलेल्या घोंगडीवर चोपडायची. उन्हात वाळली की घोंगडी पत्र्यासारखी ताठ होते आणि त्यातून पाणी सावकाश झिरपतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, एक तुकडा आणाल?"

पुढच्या रविवारी आणला. काळ्या लोकरीची हातभर पट्टी, आईनं खास माझ्यासाठी खळ लावलेली. तिच्या कोपऱ्यावर शेंदराचं एक बोट ओढलेलं होतं. घरातनं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला आई दारच्या म्हसोबाचा शेंदूर लावते. माझ्या शाळेच्या दप्तरालाही लावायची. एसटीत बसल्यावर मला त्या बोटाची लाज वाटली. इतक्या शिकलेल्या बाईला हा ठिपका कसा दाखवायचा? रुमाल ओला केला आणि घासघासून पुसून टाकला.

ताईंनी कोपऱ्याकडूनच तुकडे कापले, नळीत बसवले आणि शिशाचं पाणी सोडलं. नळी तुंबली नाही. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. संध्याकाळी ताई शिसं मोजायच्या यंत्रापाशी गेल्या आणि आकडा बघून मला हाक मारली.

"मामा, लिटरला पाच मिलिग्रॅम सोडलं होतं. आठ निघालं."

म्हणजे शिसं कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. त्यांनी दुसरा तुकडा घेऊन त्यातून नुसतं शुद्ध पाणी सोडलं. त्यातही शिसं आलं. म्हणजे ते घोंगडीतच होतं.

"तुमच्या गावात चिंचेचं झाड कुठं आहे?" ताईंनी हळू आवाजात विचारलं. "आणि प्यायचं पाणी?"

चिंच रस्त्याकडेला आहे. तिच्या पलीकडे दोन वर्षांपासून एक भंगाराची शेड उभी आहे. विहीर त्याच उताराला. आई ते पाणी पिते, ते चिंचोके वाटते, ती खळ हातानं ढवळते. दिवाळीत मी गेलो तेव्हा चहाची बशी तिच्या हातात थरथरत होती आणि तिनं मला दोनदा सोपान म्हणून हाक मारली होती. आम्ही हसलो होतो. आता शिशाच्या बाधेची लक्षणं मी मोबाइलवर वाचली. हात थरथरणं. विसरणं. पुढचं वाचवेना. ताईंची दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती, पण खरं सांगतो, त्या घडीला मला त्यांचं काही पडलं नव्हतं. मला माझी आई दिसत होती.

शनिवारी ताईंनी दिलेल्या बाटल्या पिशवीत घालून निघालो. विट्याला गाडी बदलली आणि घरी पोचल्या पोचल्या विहिरीचं पाणी भरलं, चिंचोके बांधले, पातेल्यातली खळ घेतली. आई उंबऱ्यावर बसून बघत होती.

"चा बी घिना आन् बाटल्या भरतुयास. काय खूळ लागलंय रं?"

"आये, हात बघू."

तिनं हात पुढं केले. थरथरत होते. मी ते दोन्ही हातांत घट्ट धरले. सोपान म्हणाला, "दादा, आठ दिसानं ऐंशी लागत्याल तिला. तुजं बी थरथरत्याल की."

जेवण झाल्यावर निघालो. ताईंनी आणखी एक पट्टी मागितली होती, ती सोपाननं दिली. मी पिशवीत घालणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब जरा." दाराशी गेली, म्हसोबाच्या धोंड्यावरनं बोट ओढलं आणि ते केशरी बोट घेऊन पट्टीकडं आली.

मी त्या बोटाकडं बघत राहिलो. आमच्या प्रयोगशाळेत डाव्या हाताच्या तिसऱ्या फळीवर अगदी ह्याच रंगाच्या भुकटीची एक बाटली आहे. लेड ऑक्साइड. म्हणजे शिसंच. अठ्ठावीस वर्षं मी दर सोमवारी तिच्यावरची धूळ पुसतो.

"आये, थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की दारची कुत्री उठून पळाली.

"आरं, काय झालं?"

"शेंदूर लावू नगंस. त्यातच हाय ते! त्यातच हाय गं!" मी हसत होतो की रडत होतो, माझं मलाच कळत नव्हतं. त्या ओल्या रुमालानं मी ठिपका पुसला नव्हता, लोकरीत खोलवर मुरवला होता. मग एकदम दुसरी भीती वाटली. "हे बोट घिऊन भाकरी थापतीस का?"

आई जाम चिडली. "द्येवाचं बोट धुतल्याबिगर मी चुलीकडं जाती व्हय? पन्नास वर्सं झाली, कवा बगितलंयस तसं?"

मी तिला शिसं काय असतं ते जमेल तसं सांगितलं. तिला पटलं असं नाही, पण पट्टीला तसंच कोरं पाठवायला ती काही तयार होईना. शेवटी तांब्यातल्या पाण्यानं हात घासून धुतला, बोट पुन्हा नुसतं पाण्यात बुडवलं आणि पट्टीच्या कोपऱ्यावर ओढलं. "ह्ये तरी चालंल का तुज्या मशीनला?"

सोमवारी मी ताईंना सगळं सांगितलं. रुमालाचंही सांगितलं, मान खाली घालून. त्यांना हसू येईल वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"मामा, पुसलंत कशाला? मला विचारायचं तरी. आमच्या आजीनं माझ्या पहिल्या वहीला फूल वाहिलं होतं. अजून आहे माझ्याकडे."

मग बाटल्या लागल्या यंत्राला. विहिरीचं पाणी स्वच्छ. चिंचोके स्वच्छ. खळ स्वच्छ. प्रत्येक आकड्यागणिक माझ्या छातीवरचा एकेक धोंडा उतरत होता. शेवटी नवी पट्टी. ताईंनी मुद्दाम आईनं पाण्याचं बोट ओढलेला कोपराच कापला, नळीत बसवला आणि पाच सोडलं. चार तासांनी खालच्या बाटलीतलं पाणी यंत्रात घातलं. यंत्र म्हणालं, शिसं आढळलं नाही. ताईंनी तीनदा करून बघितलं. तीनदा तेच. मग त्या स्टुलावर बसल्या आणि ओढणीनं डोळे टिपायला लागल्या.

आईचं रक्त ताईंनी तरीही तपासायला लावलं. तेही ठीक निघालं. हात थरथरतात ते वयानं, आणि मला सोपान म्हणते ते आम्ही दोघं दिसतोच सारखे म्हणून.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी मी प्रयोगशाळेतूनच सोपानच्या मोबाइलवर फोन लावला आणि आईला द्यायला सांगितला. ताई शेजारीच होत्या. दारात दोन प्राध्यापकही उभे होते.

"काय म्हंतंय मशीन?" आईनं विचारलं.

"पानी निवळलं, आये. काय सुदिक ऱ्हायलं न्हाई."

"मग? मी बोट लावलं म्हनूनच."

सगळे माझ्याकडं बघत होते.

"व्हय आये," मी मोठ्यानं म्हणालो, "तू बोट लावलंस म्हनूनच."