जास्वंदीवरचा सोंडकिडा

जास्वंदीवरच्या त्या किड्याबद्दलचा एक प्रश्न सुटला की माझी उंची निम्मी होते. पहिला प्रश्न सोपा होता: सोंड आहे का? आहे, म्हटलं, आणि मी तुळशीवृंदावनाएवढी झाले.

काय सांगू, एवढा आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता! तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, सगळं बाटलीतलं. हा जिवंत होता, तिळाएवढा, आणि माझ्या ओळखपुस्तिकेतल्या एकाही चित्राशी जुळत नव्हता. पुस्तिका मला तोंडपाठ आहे. दर पानावर एक प्रश्न, दर उत्तराला निम्मे किडे बाद. सोबत निम्मी मी.

आमचे हे चहा घेऊन आले. चाळीस वर्षांचा संसार झाला, पण सहा पायांचं जे दिसेल त्याला हे आपलं 'किडा' म्हणतात. मुंगी आणि वाळवीतला फरकसुद्धा शिकून घेतला नाही.

"तांदळातला टोका तो," हे म्हणाले. "बोरिक पावडर लाव."

मी अशी चिडले की तिरीमिरीत पुढचे तीन प्रश्न सोडवून टाकले. मिशा कोपरात वाकतात का? वाकतात. आता बोटभर उरले, तेव्हा यांनीच मला उचलून पानावर ठेवलं. तिथे आणखी चार सोडवले.

"पुरे कर, कुंदा," हे म्हणाले. "मला ओळखू येणार नाहीस."

"एकच राहिलाय," मी म्हटलं.

नववा प्रश्न: नडगीवर केस आहेत का? त्याच्या पाठीला धरून मी वाकून पाहिलं. होते, सोनेरी! हा किडा आजवर कुणीही पाहिलेला नव्हता, आणि मी त्याच्याच उंचीची झाले होते. मला रडूच आलं.

तेवढ्यात फांदी हादरली. हे घाबरून किडे झाडावरून उतरवायची माझीच रीत करत होते: खाली उलटी छत्री ठेवून फांदीवर काठीने टकटक. सोंडकिड्याने पाय पोटाशी घेतले आणि मेल्याचं सोंग घेऊन खाली पडला. मीही तेच केलं.

छत्रीत आम्ही शेजारी शेजारी पडून राहिलो. मला हाक मारायची होती, पण हे सोंग लगेच मोडता येत नाही.

यांनी भिंगातून एकदा त्याला पाहिलं, एकदा मला. मग आयुष्यात पहिल्यांदा माझी पुस्तिका उघडली.

"सोंड आहे का," यांनी वाचलं. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाही."

बरोबर होतं. माझा ऊर भरून आला, आणि मघाशी यांच्या कमरेला लागणारी छत्रीची दांडी यांच्या नाकाशी आली.