पोटात ठेवलेली गोष्ट

मी एक कापडी मासा. पाण्याशी माझा संबंध फक्त धुण्यापुरता. पेन्सिली ठेवायची पिशवी म्हणून माझा जन्म झाला.

मला शिवलं मावशींनी. मावशी म्हणजे भिंगरीला सांभाळायला घरी येणाऱ्या बाई. बाबांच्या जुन्या निळ्या शर्टाचं कापड, डोळ्यांना दोन बटणं आणि तोंडाला चेन. बटणं सारखी नव्हती, म्हणून मी जन्मापासून जरा तिरकाच बघतो. स्वभावही तसाच, असं तुम्ही पुढे म्हणालच.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी बसेल तर शपथ! तिला एक सवय लागली. माझी चेन उघडायची, तोंडाशी तोंड नेऊन कुजबुजायचं आणि चटकन चेन ओढायची. "कुणाला सांगू नकोस हं!" मी कुणाला सांगणार? फुटलेला कप, वर्गातलं भांडण, खाऊच्या डब्यातला चोरलेला तुकडा, सगळं माझ्या पोटात. तिच्या जगात माझ्याइतकं जवळचं कुणी नाही, याची मला फार मिजास होती.

मग घरात बाळ आलं.

आई सारखी बाळापाशी. बाबा इवल्याइवल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेले. येणारा प्रत्येक पाहुणा भिंगरीला म्हणायचा, "आता तू मोठी झालीस बरं का!" सात वर्षांची पोर, आठवड्याभरात मोठी! तिनं सगळ्यांशी बोलणं टाकलं आणि माझ्याशी वाढवलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

वर्गात ती नखानं खोडरबराचा भुगा करत बसायची. एकदा शेजारणीला तिनं बाकावरून ढकललं. वर्गशिक्षिका रागावल्या नाहीत. तिला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं शाळेच्या समुपदेशक बसत. मुलं त्यांना 'गप्पांच्या बाई' म्हणत.

खोली ती केवढीशी! एक चटई, वाळूनं भरलेला ट्रे, खडूंचा डबा. बाई खुर्ची सोडून चटईवर बसल्या. भिंगरीनं मला छातीशी घट्ट धरलेलं. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. बाईंनीही खोदून विचारलं नाही, वाळूत रेघा काढत राहिल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो!

दुसऱ्या खेपेला तिनं मला चटईवर ठेवलं. तिसऱ्या खेपेला माझ्या पोटातल्या पेन्सिली सोडून बाईंच्या डब्यातले खडू घेतले! माझा नुसता जळफळाट झाला. दोन वर्षं ऐकत आलो मी, आणि ही कोण कुठली बाई, आठवड्यातून एकदा अर्धा तास बसते, तर हिला सगळं दाखवायचं?

भिंगरीनं घर काढलं होतं. घरभर एकच बाळ, छताला टेकलेलं.

"केवढं मोठं बाळ आहे गं!" बाई म्हणाल्या.

"तेवढंच आहे ते. बाकीच्यांना जागाच नाही."

"आणि तू कुठे आहेस?"

भिंगरीनं कागदाच्या कोपऱ्यात, घराबाहेर, एक ठिपका दिला.

त्याच आठवड्यात आईला बाळाच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. मग दुसरा. आई पुन्हा कामावर जायला लागल्यापासून बाळ दिवसभर असायचं कुणाकडे? मावशींकडे. बाबा घसा खाकरून म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका." मावशी रडल्या नाहीत. "लेकरासारखं सांभाळलं हो मी त्याला," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. चपलेचा पट्टा काही केल्या लागेना.

भिंगरी मला घेऊन पलंगामागे शिरली. चेन उघडली. "चिमटे मीच काढले," ती म्हणाली आणि चेन ओढली.

आता जे सांगतो त्याची मला अजून लाज वाटते. दारात मला जन्म देणारी बाई अपमान गिळून निघाली होती आणि मी फुशारलो होतो. एवढी मोठी गोष्ट फक्त माझ्याकडे! त्या गप्पांच्या बाईंकडे नाही!

भिंगरी रात्री जेवली नाही. सकाळी दूधही घेतलं नाही. दप्तरात मला तिच्या पाठीतून छातीची धडधड जाणवत होती, आणि माझा तोरा उतरत गेला. पोटात ठेवण्यापलीकडे मला काय येत होतं?

शाळेत ती आपणहून जिन्याखाली गेली. दारातच म्हणाली, "मी वाईट आहे."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं.

"राग येतो म्हणून कुणी वाईट होत नाही," बाई म्हणाल्या. "पण चिमट्यानं बाळाला दुखतं. ते थांबायला हवं. आणि आईला हे सांगावं लागेल. तू सांगशील की मी सांगू?"

"तुम्ही हात धराल?"

"धरेन की."

बाईंनी फोन केला, तशी आई धावतपळत आली. ऐकून ती मटकन खालीच बसली. "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या मांडीवर सारखं तेच असतं."

आईनं तिला ओढून मांडीवर घेतलं. पाय चटईबाहेर लोंबत होते, तरी घेतलं. बाईंनी आईला दोष दिला नाही. रोज थोडा वेळ फक्त भिंगरीचा ठेवा, तेव्हा बाळ बाबांकडे, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी आई, बाबा आणि भिंगरी बाळाला घेऊन मावशींच्या दारात गेली. बाबांना माफी मागताना शब्द सापडेनात. भिंगरीला सापडले. मावशी लगेच विरघळल्या नाहीत. "दोन दिवस विचार करते," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आल्या, आणि भिंगरीच्या हातात मळलेल्या पिठाचा गोळा देऊन म्हणाल्या, "घे, याला काढ किती काढायचे तेवढे चिमटे!"

त्यानंतरही भिंगरी काही महिने जिन्याखाली जात राहिली. मग हळूहळू कमी झालं. एक दिवस मैत्रिणीशी बोलत ती त्या दारावरून सरळ पुढे निघून गेली. मी दप्तराच्या बाहेर अर्धा लोंबत होतो, म्हणून मला दिसलं. बाईंनी तिला जाताना पाहिलं, हसल्या आणि पुढच्या मुलासाठी चटई झटकायला लागल्या. आपल्याला कुणी विसरलं, याचा एवढा आनंद? मला तो कधीच झाला नाही. अजूनही होत नाही.

आता भिंगरीकडे पत्र्याचा कंपास आहे. मी खिडकीच्या कट्ट्यावर असतो. बाळ चालायला लागलंय, येताजाता माझी शेपटी चघळतं. भिंगरी त्याच्या तोंडातून ती सोडवते आणि त्याच्याकडेच बघून हसते, माझ्याकडे बघतही नाही. जळतो मी, काय करू!

पण एक विनंती आहे. तुमच्या घरातलं लेकरू उशीशी, बाहुलीशी, भिंतीशी कुजबुजताना दिसलं, तर गोड आहे म्हणून सोडून देऊ नका. जवळ जाऊन बसा. आम्ही ऐकतो हो सगळं. त्याचा हात मात्र आम्हाला धरता येत नाही.