दोरीवरचे काळे कपडे

आमच्या फिल्म सोसायटीच्या नियमावलीतला नववा नियम मी लिहिला आहे, आणि लिहिताना एकही शब्द सैल सोडलेला नाही. ‘चित्रपटांची निवड करणाऱ्या सभासदाने प्रत्येक चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः पाहिलेला असला पाहिजे.’ त्यापूर्वीचे एक गृहस्थ नुसत्या जाहिराती वाचून वर्षभराचे चित्रपट मागवीत, म्हणून हा नियम करावा लागला.

त्यांच्यानंतर बावीस वर्षे ही निवड नोलीन टुलॉक करीत आली आहे, आणि बावीस वर्षे मी, सोसायटीचा चिटणीस फर्गस, तिच्या निवडीशी भांडत आलो आहे. प्रत्येक खेळाआधी मी सभासदांसाठी एक पान लिहितो. त्यांतल्या निम्म्या पानांत हा चित्रपट का निवडू नये हेच सिद्ध केलेले असते. ती पाने नोलीन चुलीत घालते असे ती सांगते. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडचा, ओटागोच्या किनाऱ्यावरचा हिवाळा पाहता कागदाचा तो उपयोग मला अगदीच अमान्य नाही.

या जुलैत तिने स्वतःच कार्यकारिणीला कळवले, की तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला आहे, आणि ज्या वस्तूकडे पाहावे नेमकी तीच नाहीशी होते. नववा नियम सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. ती चित्रपट पाहू शकते की नाही, हे सभासदांना दाखवण्याआधी होणाऱ्या रविवारच्या तपासणीच्या खेळाला तिच्याशेजारी बसून कुणीतरी ठरवावे, आणि मंगळवारच्या बैठकीत तिची जागा राहते की जाते याचा निकाल लागावा, असे ठरले.

“फर्गसलाच बसवा,” नोलीन म्हणाली. “तो माझी बाजू घेईल असं गावात कुणी म्हणणार नाही.”

जुन्या धान्यकोठाराच्या वरच्या मजल्यावर आमचे सभागृह आहे. रविवारी दुपारी तिथे आम्ही तिघेच होतो. मागच्या खोलीत यंत्राशी तामाती, आणि गुडघ्यांवर घोंगडी घेऊन पाचव्या रांगेत ती व मी. दिवे मालवताच नोलीनने मान वळवली आणि पडद्याच्या उजवीकडे, बाहेर जाण्याच्या दारावरच्या हिरव्या दिव्याकडे तोंड करून बसली.

“नोलीन, पडदा समोर आहे.”

“ठाऊक आहे रे. तुझ्याआधीपासून येते मी इथं.”

“मग दाराकडे काय बघतेस?”

“दाराकडे बघितलं की दार दिसत नाही, पडदा दिसतो. आता चहा ओत, आणि दोन तास तोंड आवर.”

चित्रपट टास्मानियातल्या सात जणांनी मिळून, एकाच घरात, तीन आठवड्यांत केलेला होता. लेखनासाठी मी तो घरी आधीच पाहिला होता आणि माझे पान तयार होते. माझा आक्षेप एकच होता, पण मुळावर घाव घालणारा होता. कथेच्या मध्यावर घरातला म्हातारा बाप निघून जातो, आणि का जातो हे कुणीच सांगत नाही. आई आणि मुलगा स्वयंपाकघरात अकरा मिनिटे भांडतात. कॅमेरा जागचा हलत नाही. संवाद असे घडीव, की मी त्यांतली वाक्ये उतरवून घेतली होती. पुढच्या दृश्यात बापाची खुर्ची रिकामी असते. ‘कारणावाचून कार्य दाखवणे हे कलेचे स्वातंत्र्य नव्हे, तो आळस होय,’ असे मी लिहिले होते, आणि ते वाक्य मला आवडलेही होते.

ते भांडण अर्ध्यावर आले असताना नोलीन हळूच म्हणाली, “चालला म्हातारा.”

“म्हातारा या दृश्यात नाहीच.”

“खिडकीत बघ. वर, डावीकडे. दोरीवरचं त्याचं काळं तेवढं गेलं. पांढरं सगळं तिथंच आहे.”

“तुला भास होतो आहे.”

“होत असेल. तामाती, जरा मागे घे रे बाबा. चिटणीससाहेबांना खिडकी बघायची आहे.”

तामातीने दृश्य मागे नेले. मी प्रथमच त्या दोन बोलत्या तोंडांवरून नजर काढली.

खिडकी लहान होती, आणि काचेवर वाफ धरली होती. पलीकडे अंगणात कपड्यांची दोरी. एक हात वर येतो आणि काळी विजार काढून घेतो. बऱ्याच वेळाने तोच हात कोट काढतो. मग गळपट्टी. चादरी, मुलाचे सदरे, बायकोचा एप्रन यांना तो हात शिवत नाही. प्रत्येक कपड्याची घडी होत असावी, कारण दोन हालचालींच्या मध्ये तेवढाच वेळ जातो. आणि मी अधोरेखित केलेले ते वाक्य, ‘या घरात कुणी कुणाला जा म्हणालेलं नाही,’ मुलगा उच्चारत असताना, वाफेआड अंगणाचे फाटक उघडते आणि लागते.

कुणीतरी एक नट अकरा मिनिटे थंडीत उभा राहून, आतले भांडण ऐकत, एक शब्दही न बोलता, आपले सगळे आयुष्य दोरीवरून उतरवून घेत होता. त्या सात जणांनी काहीही लपवले नव्हते. म्हाताऱ्याच्या जाण्याचे कारण कार्याच्या आधी, भर उजेडात, माझ्यासमोर ठेवलेले होते, आणि मी ते नसल्याचा पुरावा लिहून बसलो होतो.

“आणखी एकदा,” मी म्हणालो. तामातीने तीनदा दाखवले. चौथ्या खेपेला तोही खोलीतून बाहेर येऊन आमच्या मागे उभा राहिला.

चित्रपटाच्या शेवटी आईचा चेहरा आहे, तीन मिनिटे, पडदाभर. नोलीनने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि थांबवली.

“हे नाही जमत मला,” ती म्हणाली. “चेहरा म्हणजे नुसता धूर दिसतो. तू सांग.”

“ती दुःखी आहे.”

“ते मला ऐकूनही कळलं. काय दिसतं ते सांग.”

“भकास, शून्य अशी मुद्रा—”

“फर्गस, ही विशेषणं तुझ्या पानासाठी ठेव. डोळे कुठे आहेत तिचे?”

मी पाहिले. “समोर. नाही, थांब. डावीकडे गेले. परत आले.” जरा वेळाने ते पुन्हा गेले. “तिकडे फाटक आहे. ती ऐकते आहे. ओठ किंचित विलग आहेत, श्वास धरून ठेवल्यासारखे.”

“आणि आता?”

“आता धरलेला नाही.”

“हं,” नोलीन म्हणाली, आणि पडदा काळा झाला. तीस वर्षे मी चित्रपट पाहत आलो आहे. पाहणे इतके अवघड आणि इतके विपुल असते, हे त्या दुपारपर्यंत मला माहीत नव्हते.

मंगळवारी अध्यक्ष बर्नीसने अहवाल मागितला. मी म्हणालो, “नियमाच्या शब्दांप्रमाणे, नोलीनने चित्रपट पूर्ण पाहिला नाही.”

नोलीनने मान हलवली. “खरं आहे. चेहरा नाही दिसला मला.”

“मीही पाहिला नाही,” मी पुढे म्हणालो, “आणि माझे डोळे शाबूत आहेत. मी अकरा मिनिटांचे दृश्य पाहिले असे समजून त्यावर टीका लिहिली, पण ते दृश्य मी नुसते ऐकले होते. ते पान मी मागे घेतो. नियम काटेकोरपणे लावला, तर आम्ही दोघेही अपात्र आहोत.”

“मग पात्र कोण?” बर्नीस म्हणाली. “फर्गस, नियम तुझा आहे. तूच काय ते सांग.”

“निवड नोलीनचीच राहावी. तपासणीच्या खेळाला तिच्याशेजारी एक जण बसावा, आणि तिने विचारले तर जे दिसते ते सांगावे.”

“विचारलं तरच,” नोलीन म्हणाली. “हे लिहून घ्या. हा आपणहून बोलायला लागला तर मी बहिरीही होईन. आणि निवड माझी म्हणजे माझीच. याला आवडला नाही म्हणून एकही चित्रपट परत जाणार नाही.”

“मान्य,” मी म्हणालो. “पण भांडणाचा हक्क मी सोडत नाही.”

“तो सोडलास तर मी दुसरा माणूस मागेन.”

पाच हात वर झाले. बर्नीसने दुरुस्ती लिहून घेतली आणि चहाची किटली पुढे सरकवली. नोलीनने कोटाची बटणे लावली, माझ्याकडे पाहावे म्हणून माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे तोंड वळवले, आणि म्हणाली, “रविवारी अडीचला. तीन तासांचा आहे. जाड मोजे घालून ये.”