सील शाबूत आहे

सुभेदार चिंतामण नलवडे (निवृत्त) यांच्या साताऱ्याच्या घरातला सोळा वर्षांचा कॉम्प्युटर सव्वीस मिनिटांऐवजी एकोणीस सेकंदांत सुरू होऊ लागला. ही झाली गोष्टीची अखेर. आता ती वाचलीच नाही असं समजा, कारण नलवड्यांच्या घरी असं काही घडलेलं नाही. कॉम्प्युटर कुणी उघडला नाही, त्याच्या पाठीवरचं सील कुणी तोडलं नाही, आणि श्रद्धानं आपल्या जन्मदात्याला "आप्पा, त्या सीलला काडी लावीन" असं तर मुळीच म्हटलं नाही.

तर, काहीच न घडण्याची सुरुवात एका नोटिशीनं झाली.

'मिळकत नोंद शुद्धीकरण कक्ष' नावाचं एक नवं खातं निघालं होतं. त्या खात्यानं गावातल्या नोंदी इतक्या शुद्ध केल्या, की नलवड्यांचं दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर कागदावर 'सार्वजनिक मुतारी (पुरुष)' झालं. हरकत घ्यायची तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. नंतर नोंद कायम. सोमवारी अर्जुना नावाचा खात्याचा माणूस टेप घेऊन आलासुद्धा. त्यानं दार मापलं आणि नलवड्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंना म्हणाला, "आतनं कडी हाय व्हय? सार्वजनिक जागेला कडी चालत न्हाई, मावशी." आणि वहीत लिहून घेतलं, 'कडी: गंभीर.'

हरकत फक्त ऑनलाइन. तीही ज्या कॉम्प्युटरवरून पूर्वी घराची नोंदणी केली त्याच कॉम्प्युटरवरून, आणि पंधरा मिनिटांत. आप्पांच्या कॉम्प्युटरला एक पान उघडायला वीस मिनिटं लागत. चार वेळा त्यांनी हरकत टाईप केली, चार वेळा पडद्यावर आलं, 'आपली वेळ संपली आहे.' चारही वेळा आप्पा "जी" म्हणून खुर्चीतून उठले.

बुधवारी श्रद्धा सांगलीहून आली ती संतापूनच. कुपवाडच्या एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासायचं तिचं काम. केसाच्या जाडीइतकी चूक निघाली तरी ती माल परत पाठवायची. सव्वीस मिनिटं म्हणजे तिच्या हिशेबानं फौजदारी गुन्हा होता.

"याची देखभाल कोण करतं?"

आप्पांनी लॉगबुक पुढं सरकवलं. दर शनिवारची नोंद होती. 'बाहेरून पुसला. आच्छादन घातलं. आतून ठीक असावा.' सोळा वर्षं, दर शनिवारी, आतून ठीक असावा.

"उघडून बघितला कधी?"

"सील आहे."

"आप्पा, हमी दोन हजार अकरा साली संपली."

"हमी संपली. सील कुठं संपलंय?"

श्रद्धानं त्या करंगळीएवढ्या कागदाकडं बघितलं. 'हे सील तुटल्यास हमी रद्द.' रंग उडालेला, कडा मात्र शाबूत. त्याच्याभोवतीची धूळही आप्पा ब्रशनं झाडत असणार. तिची कानशिलं तापली.

"तुमचं घर मुतारी होतंय, आप्पा!"

"होऊ दे. नियम मोडून वाचवलेलं घर मला नको. सत्तावीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्याच्या सीलला हात नाही लावला."

"मग बसा मुतारीत!"

स्वयंपाकघरातून विनोदिनीबाईंचा आवाज आला, "त्यांना काय गं, ते बसतील. कंसात पुरुष लिहिलंय. मला कुठं जायला सांगतायत ते विचार."

आप्पा उठून कपाटापाशी गेले. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. कॉम्प्युटर दुरुस्तीला श्रद्धाच्या कारखान्यात, कुपवाडला न्यायला त्यांची हरकत नव्हती, पण सीलच्या बंदोबस्ताला ते स्वतः सोबत येणार होते.

गुरुवारच्या एसटीत खिडकीची जागा कॉम्प्युटरला मिळाली, शेजारची आप्पांना. श्रद्धा कऱ्हाडपर्यंत उभी होती. कुणी विचारलंच तर आप्पा सांगत, "आजारी आहे." एका म्हातारीनं त्याच्यासाठी आल्याची वडी दिली. आप्पांनी ती त्याच्या वतीनं खाल्ली.

कारखान्यात मशिनं दुरुस्त करणारा आकाराम पेचकस घेऊन तयारच होता.

"लेखी आदेश?" आप्पांनी विचारलं.

"आवं सुभेदार, दोन स्क्रू हायत नुसतं."

"आदेशाशिवाय नाही."

श्रद्धानं दात आवळून नापास मालाची चिठ्ठी फाडली, तिच्यावर 'सील तोडावे' असं लिहिलं आणि हाताला लागला तो शिक्का हाणला, 'तपासले. ठीक.' आप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कडक सलाम ठोकला आणि दाढीच्या पात्यानं सील सोडवायला बसले. तोडायला नव्हे, सोडवायला. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात श्रद्धानं ओढणीचं टोक चावून ओलं केलं. सील अखंड निघालं. आप्पांनी ते डायरीत ठेवलं.

आकारामनं पत्रा काढला आणि आधी पायातली चप्पल काढली.

आत देव्हाराच होता. पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, प्रोसेसरवर हळदीकुंकवाचा घट्ट लेप, तळाला पसाभर अक्षता आणि एक सुपारी. श्रद्धानं घरी फोन लावला.

"खंडेनवमीला वरच्या जाळीतून पूजा नको करायला?" आई म्हणाली. "तुझ्या कारखान्यात मशिनची करत नाहीत? सुपारी सापडली का? दोन हजार चौदापासून तुझ्या आत्यावर संशय घेत होते मी."

"आई, आत मुंग्यांची रांग आहे!"

"मग? नैवेद्य ठेवते ना. तो सीडीचा खण बाहेर येतो, त्यात पेढा ठेवायचा आणि ढकलायचा. आपोआप आत घेतो."

आप्पा शांतपणे म्हणाले, "आतलं खातं माझ्याकडं नव्हतं."

आकाराम हवेची नळी हातात घेऊन नुसता उभा. "देवावर हवा कशी मारू, ताई? लय पाप लागंल."

श्रद्धानं नळी हिसकावली. सोळा खंडेनवम्यांचा राग तिच्या अंगठ्यात उतरला होता. फस्स झालं आणि अख्ख्या शेडमध्ये पिवळा-लाल ढग उठला. दुसऱ्या पाळीची माणसं गाड्या लावून आत येत होती, ती कपाळावर कुंकू घेऊनच कामाला लागली. एकानं तर हात जोडले आणि प्रसाद विचारला. पुढं आकारामनं प्रोसेसरला नवी पेस्ट लावली आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवलं. शुक्रवारी दुपारी चारला बटण दाबलं. एकोणीस सेकंद.

आप्पा पडद्याकडं संशयानं बघत म्हणाले, "एवढ्या घाईत काही विसरला नसेल ना?"

श्रद्धानं हरकत लिहिली, घराचे कागद जोडले आणि 'सादर करा' दाबलं. सहा मिनिटांत काम संपलं. शेडमध्ये टाळी पडायच्या आत पडद्यावर अक्षरं उमटली.

'आपण उत्तरे फारच वेगाने दिली आहेत. आपण यंत्र असल्याचा संशय आहे. शहानिशेस सात कार्यालयीन दिवस लागतील.'

श्रद्धानं नापास मालाच्या डब्याला अशी लाथ घातली, की डबा लेथपर्यंत घरंगळत गेला. ती ओरडत होती, काय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. आप्पा मात्र हलले नाहीत. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की आकारामनं मशीन बंद केलं.

"हळू गेलो तर वेळ संपली. जोरात गेलो तर यंत्र. माणूस किती वेगानं चालतो, ते यांनी कुठल्या नियमात लिहिलंय? दाखवा. मी तेवढ्यानं चालतो."

दाखवायला कुणी नव्हतं. सहा वाजले. नोंद कायम झाली.

शनिवारी सकाळी साताऱ्याला आप्पांनी खळ लावून सील होतं तिथं चिकटवलं आणि लॉगबुकात लिहिलं, 'कॉम्प्युटर उघडलेला नाही. सील शाबूत.' खाली श्रद्धाकडून साक्षीदार म्हणून सही घेतली. तिनं पेन मोडेल इतका जोर देऊन सही केली. दुपारी अर्जुना आला, कडी काढून पिशवीत घातली, रीतसर पावती दिली. तो कोपऱ्यावर वळायच्या आत एक गृहस्थ दारात डोकावून गेले.

मग आप्पा कॉम्प्युटरपुढं बसले. एकोणीस सेकंद थांबले. "श्रद्धे, घे लिहून," म्हणाले, आणि ती दातओठ खात टाईप करू लागली.

प्रति,
मा. प्रमुख, मिळकत नोंद शुद्धीकरण कक्ष

विषय: आपले कार्यालय उघडून आतून हवा मारणेबाबत.

महोदय,
आपले कार्यालय बाहेरून स्वच्छ आहे, हे मी समक्ष पाहिले आहे. आतून ठीक असावे, असे मीही सोळा वर्षे लिहीत आलो. तरी आपल्या सोयीच्या दिवशी कार्यालयाचा पत्रा काढून हवा मारू द्यावी. नळी कुपवाडहून आणण्यात येईल. सील असल्यास मी स्वतः सोडवून, काम होताच पूर्ववत चिकटवून देईन.

तोपर्यंत सदर मुतारीस आतून कडी लावण्याची परवानगी मिळावी, कारण मुतारी पुरुषांची असून आत माझी पत्नी राहते. परवानगी लेखी असावी. आदेशाशिवाय कडी लावण्याची मला सवय नाही.

सोबत: अक्षता, एक पुडी (वापरलेल्या).